डेटाबेसातून पानावर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच कामाचे आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात साठवलेली माहिती पीएचपी या भाषेने वाचायची आणि वेबपानावर दाखवायची. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने करावेत.

प्रश्न : गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी मी साइटवर टाकतो आहे. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (टेबल पाहण्याच्या साधनात) नावे मराठीत स्वच्छ दिसतात, पण पानावर नुसती प्रश्नचिन्हे येतात. एका मित्राच्या साइटवर बरोबर उलटे आहे : पानावर मराठी ठीक, पण पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये भलतीच चिन्हे. दोष नेमका कुठे आहे? (सांगली)

उत्तर : दोघांचाही दोष बहुधा कनेक्शनमध्ये आहे. टेबलाची लिपीव्यवस्था (कॅरसेट, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) वेगळी ठरवावी लागते आणि कनेक्शनची वेगळी. टेबल यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिपी सामावणारे) असले, तरी पीएचपीने उघडलेले कनेक्शन लॅटिन१ (युरोपीय अक्षरांचा संच) असेल तर सर्व्हर प्रत्येक नाव पाठवण्याआधी लॅटिन१मध्ये बदलू पाहतो. त्या संचात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक चिन्हाजागी एक प्रश्नचिन्ह येते. ‘पुणे’ हा शब्द संगणकासाठी चार चिन्हांचा आहे : प, उकार, ण आणि एकाराची मात्रा. म्हणून चार प्रश्नचिन्हे. तुमची टेबलातली माहिती शाबूत आहे.

उपाय एका ओळीचा आहे. पीएचपीतून डेटाबेसशी जोडण्याचे दोन मार्ग आहेत, पीडीओ आणि मायएसक्यूएलआय. पीडीओ वापरत असाल, तर होस्ट आणि डीबीनेम लिहितो त्याच ओळीत ‘कॅरसेट=यूटीएफ८एमबी४’ असे जोडा. मायएसक्यूएलआय वापरत असाल, तर कनेक्शन उघडताच सेट_कॅरसेट तेच नाव देऊन बोलवा. नावात मध्ये आडवी रेघ घालू नका. एचटीएमएलमध्ये ‘यूटीएफ-८’ असे रेघेसह लिहितात, पण मायएसक्यूएल ते नाव ओळखत नाही आणि कनेक्शनच नाकारते.

मित्राचे प्रकरण जास्त जपून हाताळावे लागेल. त्याचे कनेक्शन लिहितानाही लॅटिन१ होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचे असते. सर्व्हरने त्या तीन बाइटना तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरे समजून पुन्हा यूटीएफ-८मध्ये बदलून साठवले. वाचताना तीच चूक उलटी होते आणि पानावर मराठी पुन्हा जुळून येते. पीएचपीमायअ‍ॅडमिनचे कनेक्शन बरोबर असल्याने त्याला टेबलात खरोखर जे आहे तेच दिसते. अशा साइटवर नुसते कॅरसेट दुरुस्त केले की पानही बिघडते. मग लोक घाबरून दुरुस्ती मागे घेतात आणि चूक आणखी काही वर्षे साठत राहते.

आधी तपासा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्येच एक सिलेक्ट चालवून त्या कॉलमचे हेक्स (साठवलेले बाइट) आणि कॅरेक्टर_लेंग्थ (चिन्हांची संख्या) मागा. ‘पुणे’ या शब्दाचे चार निकाल येऊ शकतात. हेक्स ई०ए४एएने सुरू आणि लांबी ४, तर सगळे ठीक. हेक्स सी३ए०सी२ए४ने सुरू आणि लांबी १२, तर वर सांगितलेले दुहेरी रूपांतर झाले आहे. हेक्स ई०ए४एएच पण लांबी १२, तर बाइट बरोबर आहेत आणि कॉलम लॅटिन१ आहे. आणि हेक्समध्ये ३एफ ३एफ ३एफ ३एफ दिसले, तर टेबलात खरोखरच प्रश्नचिन्हे साठली आहेत. तिथे बॅकअप शोधणे किंवा पुन्हा टाइप करणे एवढेच उरते.

दुहेरी रूपांतर उलटवता येते. आधी पूर्ण बॅकअप घ्या. मग कॉलमचे मूल्य कन्व्हर्टने लॅटिन१मध्ये न्या, तिथून कास्टने बायनरीत, आणि बायनरीतून पुन्हा कन्व्हर्टने यूटीएफ८एमबी४मध्ये. आधी हे सिलेक्टमध्ये दहा ओळींवर चालवून निकाल डोळ्यांनी पाहा, मगच अपडेट करा. अपडेटला व्हेअरची अट हवीच : हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ असलेल्याच ओळी. अट न घालता चालवले, तर ज्या ओळी आधीच बरोबर होत्या त्याच बिघडतील. अपडेट झाल्याबरोबर कनेक्शनचे कॅरसेट बदला. मधल्या वेळात नवीन नोंदी होऊ देऊ नका.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे बाइट बरोबर आणि कॉलम लॅटिन१ असताना, ऑल्टर टेबलने थेट यूटीएफ८एमबी४ करू नका. त्यातून दुहेरी रूपांतर तयार होते. कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणारा प्रकार) करा आणि ब्लॉबमधून यूटीएफ८एमबी४ असलेल्या टेक्स्ट किंवा व्हारकॅरमध्ये आणा. ब्लॉबमधून जाताना मायएसक्यूएल बाइटना हात लावत नाही.

मायएसक्यूएलमध्ये नुसते ‘यूटीएफ८’ म्हटले की तीन बाइटपर्यंतचीच चिन्हे बसतात. मराठी त्यात मावते, पण वाचकाने अभिप्रायात इमोजी टाकली की नोंद अडते, कारण इमोजी चार बाइटची. म्हणून एमबी४. मायएसक्यूएल ८.० (२०१८) पासून तेच मूळ ठरलेले आहे. त्याआधी लॅटिन१ होते. जुन्या होस्टिंगवर हा प्रश्न वारंवार येतो तो त्यामुळे.

प्रश्न : ब्राउझरमध्ये पान उघडले की माहितीऐवजी माझा कोडच दिसतो. कधी पान पूर्ण कोरे येते. (नांदेड)

उत्तर : कोड दिसतो, कारण फाइल सर्व्हरमधून गेलेलीच नाही. फाइलवर डबल क्लिक केले तर ब्राउझर ती थेट डिस्कवरून उघडतो. पीएचपी चालवणे त्याला येत नाही. झॅम्प (घरच्या संगणकावर सर्व्हर चालवणारा संच) असेल तर फाइल एचटीडॉक्स फोल्डरात ठेवा, अपाचे सुरू करा आणि पत्त्यात लोकलहोस्ट लिहून उघडा. फाइलचे शेपूट डॉट एचटीएमएल नसून डॉट पीएचपी आहे ना, तेही पाहा. कोरे पान म्हणजे चूक झाली आहे पण दाखवली जात नाही. घरच्या संगणकावर पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्प्ले_एरर्स ऑन करा. चालू साइटवर ते ऑफच असू द्या आणि एरर लॉग वाचा, कारण पानावर उमटलेल्या चुकीच्या संदेशात युजरचे नाव आणि फाइलचे पत्तेही जगाला दिसू शकतात.

प्रश्न : हार्डवेअर दुकानाच्या मालाची यादी केली आहे. यादीच्या पानावर ‘३/४" जीआय एल्बो’ नीट दिसते. पण नाव बदलण्याच्या पानावर टेक्स्ट बॉक्समध्ये फक्त ३/४" येते. व्हॅल्यूभोवती कोट घातले, तर इंचाची खूणही गेली आणि ३/४ एवढेच उरले. टेबलात नाव पूर्ण आहे. (इचलकरंजी)

उत्तर : सेव्हचे बटण आत्ता दाबू नका. बॉक्समधले अर्धवट नाव सेव्ह झाले, तर टेबलातले पूर्ण नावही जाईल.

कोट नसताना एचटीएमएलमध्ये व्हॅल्यू पहिल्या मोकळ्या जागेपाशी संपते. पुढचे शब्द ब्राउझरला वेगळे गुणधर्म वाटतात. कोट घातल्यावर व्हॅल्यू पुढच्या कोटपाशी संपते, आणि तुमच्या मालाच्या नावातली इंचाची खूण म्हणजे तोच कोट. म्हणून दोन्ही गोष्टी एकदम लागतात : व्हॅल्यूभोवती दुहेरी कोट, आणि आत जाणारे मूल्य एचटीएमएलस्पेशलकॅर्स या फंक्शनमधून गाळलेले, म्हणजे कोटसारख्या खुणांच्या जागी एचटीएमएलचे कोड घातलेले. त्याला तीन गोष्टी द्या : मूल्य, ईएनटी_कोट्स आणि यूटीएफ-८. पीएचपी ८.१च्या आधी ईएनटी_कोट्स स्वतःहून लागू नसते आणि एकेरी कोट तसाच सुटतो, म्हणून ते लिहिलेले बरे. दरवेळी एवढे टाइप करायचा कंटाळा येतो आणि मग एखादी जागा राहते. म्हणून एका अक्षराच्या नावाचे छोटे फंक्शन करून ते सगळीकडे वापरा.

यादीच्या पानावरही ते लागतेच. आज तिथे ठीक दिसते आहे ते योगायोगाने. उद्या कोणी मालाच्या नावात किंवा गिऱ्हाइकाच्या पत्त्यात स्क्रिप्टचा टॅग टाइप केला, तर यादी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती स्क्रिप्ट चालेल. डेटाबेसातून आलेले म्हणून ते मूल्य विश्वासाचे होत नाही. ते तिथे कोणीतरी फॉर्ममधूनच भरलेले असते.

हे गाळणे साठवताना करावे की दाखवताना? नेहमी दाखवताना. साठवताना केले, तर टेबलात ‘नट & बोल्ट’मधल्या खुणेच्या जागी ए-एम-पी आणि अर्धविराम असलेला कोड जाऊन बसतो. पुढे तेच नाव बिलाच्या छापील प्रतीवर, एक्सेलमध्ये आणि एसएमएसमध्ये तसेच उमटते. दाखवताना पुन्हा गाळले, तर वेबपानावरही. टेबलात गिऱ्हाईक म्हणते ते नाव जसेच्या तसे असू द्या. वेष बदलायचा तो पानाच्या दारात.

दार मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. लिंकच्या पत्त्यात नाव जात असेल, तर आधी रॉयूआरएलएनकोड करा, नाहीतर & नंतरचा भाग तुटतो; नावाऐवजी मालाचा आयडी पाठवला तर हा प्रश्नच उरत नाही. जावास्क्रिप्टमध्ये मूल्य द्यायचे तर जेसन_एनकोड वापरा, जेसन_हेक्स_टॅग या पर्यायासह. टेक्स्टएरियाला व्हॅल्यू नसते; त्याचा मजकूर उघडत्या आणि मिटत्या टॅगच्या मध्ये, गाळून लिहायचा.

ड्रॉपडाउनमध्ये जुनी निवड ठळक होत नाही, अशीही तक्रार येते. पत्त्यातून आलेला ५ हा स्ट्रिंग असतो, तर पीएचपी ८.१ पासून पीडीओ डेटाबेसातला ५ पूर्णांक म्हणून देतो. तीन बरोबरच्या खुणांनी तुलना केली की ते जुळत नाहीत. दोन्ही बाजू पूर्णांक करून घ्या.

आता उलट्या दिशेचे. शोधपेटीत टाइप केलेला शब्द क्वेरीत जोडणीच्या टिंबाने चिकटवू नका. त्या शब्दात एकेरी कोट आला की क्वेरी मोडते, आणि कोणी मुद्दाम लिहिले तर सगळे टेबल पुसले जाऊ शकते. प्रिपेअरमध्ये मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि मूल्य एक्झिक्यूटमध्ये द्या. लाइक वापरताना टक्क्याच्या खुणा मूल्यालाच जोडा. क्वेरीत कोटच्या आत टक्का, प्रश्नचिन्ह, टक्का असे लिहिले तर ते प्रश्नचिन्ह साधे अक्षर ठरते आणि मूल्यांची संख्या जुळत नाही अशी चूक येते. ‘नावाप्रमाणे लावा’, ‘भावाप्रमाणे लावा’ यातले कॉलमचे नाव प्रश्नचिन्हाने देता येत नाही. चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा आणि आलेले नाव त्या यादीत नसेल तर नाकारा.

जुन्या पुस्तकांतून मायएसक्यूएल_क्वेरी हे फंक्शन शिकला असाल तर ते विसरा. पीएचपी ७.० (२०१५) पासून ते काढून टाकलेले आहे. आणि फक्त यादी दाखवणाऱ्या पानासाठी डेटाबेसचा वेगळा युजर करा, ज्याला सिलेक्टचाच अधिकार असेल.

प्रश्न : बातमीच्या यादीत प्रत्येक बातमीचा सुरुवातीचा १०० अक्षरांचा भाग दाखवतो. घरच्या संगणकावर शेवटी काळा चौकोनी प्रश्नचिन्हाचा ठोकळा येतो. होस्टिंगवर तर काही बातम्यांचा मजकूर पूर्ण गायब होतो. (पणजी)

उत्तर : तुम्ही सबस्टर वापरता आहात. ते अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. १०० बाइटमध्ये देवनागरीची ३३ चिन्हे पूर्ण बसतात आणि चौतिसाव्याचा एक तृतीयांश तुकडा शेवटी लटकतो. हा तुकडा, पुढचे पर्याय न देता, एचटीएमएलस्पेशलकॅर्समध्ये गेला की नव्या पीएचपीत, म्हणजे ८.१ पासून, त्याजागी ठोकळा येतो. जुन्या पीएचपीत ते फंक्शन सगळी स्ट्रिंगच रिकामी परत देते, चूकही सांगत नाही. मोकळ्या जागा एका बाइटच्या असल्याने काही बातम्यांत तोड नेमकी दोन चिन्हांमध्ये पडते, त्या वाचतात. म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही. तुमच्या होस्टिंगवर जुने पीएचपी आहे.

एमबी_सबस्टर वापरले की चिन्हे तुटणार नाहीत, पण मराठी तरी तुटेलच. ‘कार्यक्रम’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा, संगणकाला नऊ चिन्हांचा : क, काना, र, हलन्त, य, क, हलन्त, र, म. चौथ्या चिन्हावर तोडले तर ‘कार्’ उरते. ग्राफीम_सबस्टर मात्रा तोडत नाही, पण त्यामागची आयसीयू ही युनिकोड हाताळणारी लायब्ररी जुनी असेल तर जोडाक्षर मध्येच फोडते. मराठीसाठी सर्वांत बरे म्हणजे शब्दावर तोडणे. एमबी_सबस्टरने १२० चिन्हे घ्या, एमबी_स्टरआरपॉसने त्यातली शेवटची मोकळी जागा शोधा, तिथपर्यंतचाच मजकूर ठेवा आणि पुढे तीन टिंबे द्या. क्रम महत्त्वाचा आहे : आधी तोडा, मग एचटीएमएलसाठी गाळा. उलटे केले तर एखाद्या खुणेचा कोडच मध्ये तुटेल.

प्रश्न : पतसंस्थेच्या पानावर रक्कम १,२३४,५६७.५० अशी दिसते, मला १२,३४,५६७.५० हवी. मराठी आकडे आणि मराठी तारीखही हवी. शिवाय पहाटे केलेल्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. (अहमदाबादस्थित मराठी वाचक)

उत्तर : नंबर_फॉरमॅट तीन-तीनचेच गट पाडते, लाख-कोटींचे गट त्याला येत नाहीत. आयएनटीएल या, भाषा आणि देशानुसार मांडणी करणाऱ्या एक्स्टेन्शनमधला नंबरफॉर्मॅटर वापरा. झॅम्पमध्ये पीएचपी डॉट आयएनआयमधील ‘एक्स्टेन्शन=आयएनटीएल’ या ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढा आणि अपाचे पुन्हा सुरू करा. ईएन_आयएन (भारतातली इंग्रजी) दिले की इंग्रजी आकडे भारतीय गटांत येतात. एमआर_आयएन (भारतातली मराठी) दिले की १२,३४,५६७ असे देवनागरी. पैसे नेहमी दोन आकडी दिसावेत म्हणून फ्रॅक्शन_डिजिट्स २ करा, नाहीतर .५० चे .५ होते.

देवनागरी आकडे फक्त पानावर. टेबलात किंवा हिशेबात ‘१२००’ देवनागरीत गेले, तर मायएसक्यूएल आणि पीएचपी दोन्ही त्याची संख्या करताना शून्य धरतात किंवा चूक देतात. खातेदार फॉर्ममध्ये देवनागरी आकडे टाइप करणार असतील, तर स्टरटीआरने दहाही आकडे इंग्रजीत बदलून मगच पुढे जा. रकमेचा कॉलम डेसिमल (१२,२) असा ठेवा. फ्लोट साधारण सात अंकांपुढे अचूक राहत नाही. सात अंकी रकमेतले पैसे त्यात हरवतात.

तारखेचा घोळ साडेपाच तासांचा आहे. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असले, की रात्री १२ ते पहाटे ५.३०मधली प्रत्येक नोंद आदल्या दिवशी जाते. कनेक्शन उघडताच टाइम_झोन +०५:३० करा आणि पीएचपीत डेट_डिफॉल्ट_टाइमझोन_सेटला एशिया/कोलकाता द्या. कॉलम टाइमस्टॅम्प असेल तर जुन्या नोंदीही आपोआप बरोबर दिसतील, कारण मायएसक्यूएल तो आतून यूटीसीत ठेवते. डेटटाइम असेल तर तो लिहिला तसाच राहतो. तिथे बदलाच्या क्षणाआधीच्या ओळींत साडेपाच तास एकदाच मिळवावे लागतील. तो क्षण वहीत नोंदवून ठेवा. डेट फंक्शन महिने इंग्रजीतच देते. त्याऐवजी आयएनटीएलडेटफॉर्मॅटर, एमआर_आयएन आणि डी एमएमएमएम वाय हा साचा : ‘५ मार्च २०२४’.

प्रश्न : यादीत २,४०० पुस्तके आहेत. पानामागे २५ दाखवतो. लिमिटला प्रश्नचिन्ह दिले की १०६४ क्रमांकाची चूक येते. शिवाय काही पुस्तके दोन पानांवर दिसतात, काही कुठेच नाहीत. (चंद्रपूर)

उत्तर : पीडीओ मायएसक्यूएलसाठी प्रश्नचिन्हे मुळात स्वतःच भरतो, आणि एक्झिक्यूटला ॲरे दिला की प्रत्येक मूल्य स्ट्रिंग धरतो. मग लिमिटपुढे कोटमधला ‘२५’ येतो आणि सर्व्हर तो नाकारतो. बाइंडव्हॅल्यू वापरून तिसऱ्या जागी पॅरम_आयएनटी द्या. ऑफसेट म्हणजे पानक्रमांकातून एक वजा करून गुणिले २५. सातव्या पानासाठी १५०. कोणी पत्त्यात पान शून्य लिहिले तर ऑफसेट उणे होतो आणि तीच चूक परत येते, म्हणून पानक्रमांक एकपेक्षा कमी होऊ देऊ नका. २,४०० भागिले २५ म्हणजे ९६ पाने. भाग पूर्ण जात नसेल तर सीलने वर न्या.

पुस्तके हरवतात, कारण तुम्ही यादी फक्त प्रकाशनवर्षाने लावली असणार. एकाच वर्षाच्या चाळीस पुस्तकांचा आपसातला क्रम मायएसक्यूएल दर क्वेरीला वेगळा देऊ शकते. ऑर्डर बायमध्ये वर्षानंतर आयडीही लिहा.

लेखकाचे नाव वेगळ्या टेबलात असेल, तर ते लूपच्या आत शोधू नका. पानामागे २६ क्वेरी होतील. एकाच क्वेरीत जॉइन करा, आणि तोही लेफ्ट जॉइन. साध्या जॉइनमध्ये लेखक न नोंदवलेली पुस्तके यादीतूनच गळतात, मोजणी मात्र २,४००च सांगत राहते. लेफ्ट जॉइनमध्ये अशा पुस्तकांचे लेखकनाव नल, म्हणजे रिकामे, येईल. ते तसेच एचटीएमएलस्पेशलकॅर्सला दिले, तर पीएचपी ८.१ पासून इशारा येतो. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरून नलच्या जागी ‘लेखक नोंदलेला नाही’ असे द्या.